अमेरिकेच्या पश्चिमेत तंबू घेऊन दोघांचीच लांब भटकंती : कॅलिफोर्निया ते यलोस्टोन आणि परत

वाटवेडी

लेक कॉलेजला गेली, नवऱ्याला दोन नोकऱ्यांच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला आणि मी बिनपगारी रजा टाकली. मेच्या सुरुवातीला बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) निघालो, जून संपता संपता घरी आलो. हॉटेल फक्त कपडे धुवायचे असतील किंवा वारा फारच सुटला असेल तेव्हा. बाकी सगळ्या रात्री तंबूत. इथे बरेच जण 'दहा दिवसांत सात पार्कं कशी करू' असं विचारतात, म्हणून हा धागा काढतेय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: पार्कं कमी करा, मुक्काम वाढवा आणि दोन पार्कांच्या मधली जमीन सोडू नका. आमच्या सहलीतलं सगळ्यात चांगलं जे होतं ते त्या मधल्या जमिनीवर मिळालं.

आमचा मार्ग असा: मोहावे वाळवंट ओलांडून युटातली पार्कं झायन, ब्राइस, हायवे १२ ने कॅपिटल रीफ, मग मोॲब (आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या पार्कांजवळचं गाव), तिथून दक्षिणेला व्हॅली ऑफ द गॉड्स आणि मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड. मग थेट उत्तरेला टीटन आणि यलोस्टोन, आयडाहोत क्रेटर्स ऑफ द मून, नेवाडात ग्रेट बेसिन, हायवे ५० ने पश्चिमेला आणि शेवटी टायोगा पासवरून योसेमिटीत उतरून घर. ही दिशा मुद्दाम ठरवली होती. मेमध्ये टायोगा बहुधा बर्फाने बंद असतो (खिंड ९,९४३ फुटांवर आहे) आणि यलोस्टोनमध्येही कडाक्याची थंडी असते. उलट युटाचं वाळवंट जुलैत सोसवत नाही. म्हणून आधी दक्षिण, मग उत्तर.

मधली जमीन म्हणजे काय ते सांगते. पश्चिमेकडच्या राज्यांत प्रचंड जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे, म्हणजे सार्वजनिक जमीन, सगळ्यांची जमीन. नॅशनल पार्क हा त्यातला लहान भाग. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएमकडे एकट्याकडेच सुमारे २४.५ कोटी एकर आहेत. महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त! शिवाय नॅशनल फॉरेस्ट वेगळी. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तुम्ही आधीपासून कुणी तंबू लावलेली जागा बघून फुकट राहू शकता. नळ नाही, संडास नाही, टेबल नाही. मुक्कामाची मर्यादा साधारण १४ दिवसांची. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. ब्राइसला पार्कातलं कॅम्पग्राउंड भरलेलं होतं, तर शेजारच्या डिक्सी नॅशनल फॉरेस्टमध्ये पाइनच्या झाडांत आम्ही आरामात राहिलो. सकाळी पार्कात जायचं, दुपारी परत.

ब्राइसबद्दल एक सूचना. कड ८,००० ते ९,००० फुटांवर आहे, मेमध्ये रात्री पाणी गोठतं. वर्षातल्या कितीतरी रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं म्हणूनच तर ते दगडी सुळके, हूडू, तयार झालेत. भेगेत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि दगड फोडतं. तेच पाणी तुमच्या बाटलीतही गोठणार आहे, तेव्हा स्लीपिंग बॅग शून्याच्या खाली चालणारी घ्या आणि खाली अंथरायची मॅट चांगली घ्या. थंडी जमिनीतून वर येते.

हायवे १२ वर मात्र माझं मन अडकलं. एस्कलांटे ते बोल्डर या टप्प्यात हॉग्जबॅक नावाचा भाग आहे, रस्ता डोंगराच्या निमुळत्या धारेवरून जातो आणि दोन्ही बाजूंना थेट दरी. कठडा जवळपास नाहीच. बोल्डर गावाला १९३० च्या दशकापर्यंत टपाल खेचरावरून यायचं, हे तो रस्ता पाहिल्यावर पटतं. तिथे काफ क्रीकला बीएलएमचं छोटं कॅम्पग्राउंड आहे, ओढ्याकाठी. तिथून लोअर काफ क्रीक धबधब्याला पायवाट जाते, जाऊन येऊन सुमारे ६ मैल, वाळूतून. शेवटी १२६ फुटांवरून कोसळणारं पाणी. वाटेत पलीकडच्या कड्यावर लाल रंगात काढलेल्या तीन मोठ्या मानवाकृती दिसतात, शेकडो वर्षांपूर्वीच्या. आम्ही एक रात्र राहणार होतो, हललोच नाही तिथून बरेच दिवस. अशा वेळी पुढचं आरक्षण नसण्यासारखं सुख नाही.

कॅपिटल रीफला फ्रूटा नावाची जुनी मॉर्मन वस्ती आहे आणि त्यांनी लावलेल्या फळबागा पार्क खातं अजून सांभाळतं. जूनच्या मध्यानंतर चेरी, पुढे जर्दाळू, पीच, शरद ऋतूत सफरचंदं. बागेत बसून खायचं ते फुकट, घरी न्यायचं तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. आम्ही गेलो तेव्हा फळं कच्ची होती. तरी त्या लाल कड्यांच्या कुशीत हिरवीगार आमराई असावी तशी ती बाग बघून पाय निघेना.

मोॲबबद्दल फार लिहीत नाही. आर्चेस सुंदर आहे, डेलिकेट आर्च संध्याकाळी बघा, गर्दी सहन करा. कॅन्यनलँड्सला जास्त वेळ द्या.

यलोस्टोन आणि खाण्यापिण्याबद्दल वेगळा प्रतिसाद लिहिते, हे आधीच लांबलं.

सह्यमित्र

वाटवेडीताई, मस्त सुरुवात. पण एक शंका. आमच्यासारख्यांना वर्षाला दोन आठवडे रजा, त्यातला एक आठवडा भारतासाठी राखून ठेवायची. 'पार्कं कमी करा' म्हणणं सोपं आहे. नऊ दिवसांत माणसाने काय करावं? पुन्हा कधी जमेल माहीत नाही, म्हणूनच आम्ही सात पार्कं कोंबतो.

वाटवेडी

सह्यमित्र, अडचण खरी आहे आणि ती मला मान्य आहे. नऊ दिवस असतील तर लास वेगासला उतरा, फक्त झायन, ब्राइस, हायवे १२ आणि कॅपिटल रीफ करा. दोनच तळ ठेवा, प्रत्येकी चार रात्री. तंबू लावणं आणि काढणं मिळून रोजचे तीन तास जातात. रोज जागा बदलली तर सहल म्हणजे सामान बांधणं आणि सोडणं एवढीच उरते, आणि भांडणं त्यातूनच होतात. तळ हलवायचा तो सोमवार ते गुरुवार या वारांत. जिथे आरक्षण नसतं तिथे सकाळी दहाच्या आसपास पोहोचा, लोक उठून जात असतात.

चुलीवरची

मला स्वयंपाकाचं सांगा! आमचे हे शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मागच्या वेळी टीटनला डाळ दीड तास शिजवली आणि शेवटी कच्चीच खाल्ली.

वाटवेडी

चुलीवरची, कुकर न्या. ३ लिटरचा छोटा, दोन बर्नरच्या प्रोपेन स्टोव्हवर छान बसतो. यलोस्टोन साधारण ७,५०० ते ८,००० फुटांवर आहे, तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. ते कितीही उकळलं तरी त्याहून गरम होत नाही, मग डाळ शिजणार कशी? कुकरमध्ये दाब वाढला की तापमान चढतं. तूरडाळ घरीच ठेवा, मूग आणि मसूर न्या.

आमच्या डब्यांत काय होतं: भाजणी, कुळथाचं पीठ, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची आणि कारळ्याची चटणी, जाड पोहे, मुगाची डाळ, तूप. तुपाला बर्फ लागत नाही. पोळ्यांऐवजी टॉर्टिया तव्यावर तूप सोडून भाजायच्या. कुळथाचं पिठलं आणि भात दहा-पंधरा मिनिटांत होतो आणि दिवसभर उन्हात चालून आल्यावर त्यासारखं काही नाही. थालीपिठाला कांदा आणि पाणी एवढंच लागतं. कूलरमध्ये दही, कोथिंबीर, लिंबं, मिरच्या. बर्फ दर दोन-तीन दिवसांनी. मोठी खरेदी सीडर सिटी, मोॲब, फ्लॅगस्टाफ, जॅक्सन, ट्विन फॉल्स, ईली अशा गावांत करायची. छोट्या गावातल्या दुकानात भाजी म्हणजे बटाटे आणि आइसबर्ग लेट्यूस.

आता अस्वलं. यलोस्टोन आणि टीटनमध्ये ग्रिझली आहेत. ज्याला वास येतो ते सगळं कॅम्पग्राउंडमधल्या लोखंडी पेटीत किंवा बंद गाडीत: मसाल्याचे डबे, तेल, कुकर धुतलेला असला तरी, टूथपेस्ट, साबण, लिप बाम, उदबत्ती. तंबूत यातलं काहीही नको, ज्या कपड्यांत फोडणी दिली तेही नकोत. भांडी घासलेलं पाणी झाडाखाली ओतायचं नाही, कॅम्पग्राउंडमध्ये त्यासाठी ठरलेली जागा असते. एकदा अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की बहुतेक वेळा शेवटी त्यालाच मारावं लागतं. आपल्या एका उघड्या डब्याची किंमत ते जनावर मोजतं, म्हणून मी यात जराही सूट देत नाही. फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडमध्ये अस्वलांमुळेच तंबूला परवानगी नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्यांना आहे. आरक्षण करताना बघून घ्या. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा) कमरेला लावा, पिशवीच्या तळाशी नको. विमानात तो चालत नाही, तिथेच घ्यावा लागतो.

बायसन (आपल्या गव्यासारखा) मात्र अस्वलापेक्षा जास्त जवळ येतो, आणि लोकांना तो गरीब वाटतो. २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे, अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड.

यलोस्टोनच्या लामार खोऱ्यात पहाटे जा. लांडगे १९९५ मध्ये परत आणून सोडले, त्याआधी कित्येक दशकं तिथे एकही कळप नव्हता. पहाटेच्या थंडीत रस्त्याकडेला मोठ्या दुर्बिणी लावून उभी असलेली माणसं दिसतील. बहुतेक जण आपणहून बोलावून दाखवतात. आम्हाला एका आजींनी दाखवले. दूरच्या उतारावर पाच ठिपके, त्यातला एक काळा.

दगडधोंडे

माझ्या विषयाचं आलं म्हणून लिहितो. ग्रँड कॅन्यनमध्ये काठावर उभं राहिल्यावर समोरच्या शिखरांची नावं नकाशात वाचली का? विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिव टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात हा पायंडा पाडला, त्याला ते सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे भासले. आणि तळाशी नदीला लागून जो काळपट खडक दिसतो त्याचं नाव विष्णू शिस्ट. वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदी कालचा.

आणि क्रेटर्स ऑफ द मूनबद्दल लिहाच. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने ते बघितलंच पाहिजे.

वाटवेडी

दगडधोंडे, नावं वाचली होती, शिस्टचं वय माहीत नव्हतं.

क्रेटर्स ऑफ द मून बहुतेक लोक गाळतात, आम्हाला फार आवडलं. सगळीकडे काळा लाव्हा, सगळ्यात ताजा प्रवाह सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा. दोरखंडाच्या वेटोळ्यासारखा गोठलेला पाहोएहोए आणि चपला फाडणारा खरबरीत आआ, दोन्ही शेजारी शेजारी. १९६९ मध्ये अपोलोचे अंतराळवीर खडक ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. कॅम्पग्राउंड लाव्ह्यातच आहे, तंबूचे खिळे ठोकताना नवऱ्याचा घाम निघाला. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर जो काळा दगड लहानपणापासून पाहिला, तो वाहत असताना कसा दिसला असेल हे तिथे पहिल्यांदा कळलं. जूनमध्ये काळ्या राखेवर बारीक गुलाबी फुलं होती, प्रत्येक झुडूप दुसऱ्यापासून हातभर लांब. पाणीच तेवढं असतं.

रिओ साल्टोकाठी

ॲरिझोनात राहते, म्हणून कळकळीने एक सांगते. ज्यांना जुलै-ऑगस्टमध्येच सुट्टी मिळते त्यांनी हे वाचा. इथेही मान्सून असतो आणि लोक त्याला मान्सूनच म्हणतात. साधारण मध्य जून ते सप्टेंबर, दुपारी ढग चढतात, तासभर मुसळधार. जमीन उघडी, खडकाळ, पाणी मुरत नाही, सगळं अरुंद घळींत धावतं. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असलं तरी पूर येऊ शकतो. ऑगस्ट १९९७ मध्ये अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ जण गेले, पाऊस कितीतरी मैल लांब पडला होता. आता तिथे नवाहो या मूळनिवासी जमातीच्या मार्गदर्शकाशिवाय जाताच येत नाही. झायनच्या नॅरोज या अरुंद घळीत उतरण्याआधी त्या दिवसाचा पुराचा अंदाज रेंजरकडे विचारा, आणि कोरड्या नाल्यात तंबू लावू नका. वाळू मऊ असते, सावली असते, मोह होतो. लावू नका.

उंबरठा

मी जरा वेगळं बोलते. 'सार्वजनिक जमीन, सगळ्यांची जमीन' हे वाचायला छान वाटतं, पण ती रिकामी नव्हती. यलोस्टोन १८७२ मध्ये पार्क झालं आणि पाचच वर्षांनी, १८७७ मध्ये, नेझ पर्स जमातीचे मूळनिवासी लोक लष्करापासून जीव वाचवत बायकामुलांसह त्याच पार्कातून पळाले. नवाहोंना १८६४ मध्ये घरादारातून हाकलून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं, १८६८ च्या तहानंतर ते परत येऊ शकले. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो, एवढं तरी धाग्यात असावं.

वाटवेडी

उंबरठा, असावंच. बरं झालं लिहिलंत. मॉन्युमेंट व्हॅलीत आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्यांच्या आजीकडून ऐकलेल्या त्या पायपिटीच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही दोघं नंतर बराच वेळ काही बोललो नाही.

त्याला जोडून व्यवहाराचं: नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वशासित प्रदेश, ही बीएलएमची जमीन नाही. तिथे रस्त्याकडेला वाटेल तिथे तंबू लावता येत नाही, त्यांची ठरलेली कॅम्पग्राउंड आणि परवाने आहेत, दारूला बंदी आहे. पार्कांचा वार्षिक पास मॉन्युमेंट व्हॅलीत चालत नाही, ते नवाहोंचं स्वतःचं ट्रायबल पार्क आहे. शुल्क त्यांना जातं आणि ते योग्यच आहे. घड्याळाकडेही लक्ष ठेवा: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं. तिथून ग्रँड कॅन्यनला निघालात की वाटेत एक तास मागे.

त्याच भागातली व्हॅली ऑफ द गॉड्स ही मात्र बीएलएमची. १७ मैलांचा कच्चा रस्ता, लाल सुळके, रात्री एक दिवा नाही. जवळच नॅचरल ब्रिजेस आहे, २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क तेच ठरलं. आकाशगंगा बघायला अमावस्येच्या आसपास जा. आम्ही निघण्याआधी पंचांग बघून तेवढाच भाग तिथीवर बसवला होता.

निशिगंध

ताई, बायकांच्या बाजूचे प्रश्न विचारते, कुणी लिहीत नाही म्हणून. संडास नसलेल्या जागी कसं करायचं? पाळीत काय? आणि आजूबाजूला कोणी नसताना भीती नाही वाटली?

वाटवेडी

निशिगंध, विचारलंत ते चांगलं केलंत.

जंगलात ६ ते ८ इंच खोल खड्डा, पाणी, वाट आणि तळापासून निदान २०० फूट लांब. कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. वाळवंटात मातीत काही कुजत नाही, म्हणून तिथे जेल-पावडरच्या पिशव्या मिळतात त्या वापरून कचऱ्यात टाकायच्या. आम्ही पॉप-अप तंबू आणि बादलीची बैठक नेली होती, गुडघ्यांसाठी उत्तम. पाळीसाठी कप मला बरा पडला, हात धुवायला पाणी वेगळं राखून ठेवायचं. सॅनिटरी पॅड वापरत असाल तर घट्ट झाकणाचा डबा, आणि अस्वलांच्या भागात तोही लोखंडी पेटीत. पाणी माणशी दिवसाला निदान एक गॅलन, त्याहून जास्तच धरा.

भीती पहिल्या काही रात्री वाटली. नंतरच्या नाही. नियम एवढाच ठेवला होता की उजेडात जागा बघायची, गाडीचं तोंड रस्त्याकडे, आणि दोघांपैकी एकालाही जागा पटली नाही तर कारण न विचारता पुढे निघायचं. मी असं म्हणाले होते एका ठिकाणी, नवऱ्याने शब्दही न काढता गाडी सुरू केली. सव्वीस वर्षांच्या संसारात मला ते खूप मोठं वाटलं.

दोघांच्याच लांब प्रवासाबद्दल विचाराल तर हेच सांगेन. गाडीत तासन् तास बोलणं होतं, लेकीच्या शाळेपासून ते आमच्या म्हाताऱ्या आईवडिलांचं पुढे काय करायचं इथपर्यंत. घरी हे विषय निघतच नाहीत, निघाले तर फोन वाजतो. नेवाडाच्या हायवे ५० वर, ज्याला १९८६ मध्ये एका मासिकाने अमेरिकेतला सर्वात एकाकी रस्ता म्हटलं, आम्ही त्या प्रश्नावर निर्णय घेतला. पुढच्या वर्षी सासूबाई आमच्याकडे येतील.

सह्यमित्र

ग्रेट बेसिनबद्दल दोन ओळी?

वाटवेडी

व्हीलर पीक कॅम्पग्राउंड जवळपास १०,००० फुटांवर आहे, जूनमध्येही बर्फ असतो, रस्ता उघडलाय का ते आधी बघा. वर ब्रिसलकोन पाइनची राई आहे, हजारो वर्षांची झाडं. १९६४ मध्ये याच डोंगरावर संशोधनासाठी एक झाड तोडलं आणि वलयं मोजली तर ४,८०० हून जास्त निघाली. त्याचा बुंधा अजून आहे. जिवंत झाडांत खोडाचा बराचसा भाग वाळलेला आणि सालीची एक पट्टी तेवढी वरच्या हिरव्या फांदीला जगवत असते. थंडी, वारा, निकस दगड यांतच ती सर्वांत जास्त जगतात. मी तिथे तासभर बसून होते.

मुक्काम_पोस्ट_पुणे

आम्ही पुण्याहून येणार, दोघंही साठीपुढचे, मुलगा डेन्व्हरला. तंबू आम्हाला जमेल का, की आरव्ही (आत झोपायची सोय असलेली मोठी गाडी) घ्यावी? पासचं आणि भाड्याच्या गाडीचं काय?

वाटवेडी

काका, तंबू नक्की जमेल. उंच, आत उभं राहता येईल असा घ्या आणि फोल्डिंग खाटा. आरव्हीत पाठीला सुख आहे, पण पेट्रोल खूप खाते, झायनच्या १९३० च्या बोगद्यासारख्या ठिकाणी मोठ्या गाड्यांवर निर्बंध असतात आणि कच्च्या रस्त्यावर ती नेता येत नाही. साधी मिनिव्हॅन घेऊन मागच्या सीट आडव्या केल्या तर वाऱ्याच्या रात्री आत झोपताही येतं. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चे रस्ते चालतात का ते वाचा, बहुधा चालत नाहीत. भारतीय लायसन्ससोबत पुण्यातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा.

पासचे नियम जानेवारी २०२६ पासून बदललेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलर, इतरांना २५०. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, यलोस्टोन, टीटन, योसेमिटी धरून ११ पार्कांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. म्हणजे दोन-तीन मोठी पार्कं करणार असाल तर तुमच्या नावाने पास काढलेलाच बरा. ज्येष्ठांचा स्वस्त पास फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना आहे, तो तुम्हाला मिळणार नाही. निघण्याआधी पार्क खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

डेन्व्हरहून याल तर आय-७० ने युटात शिराल. ग्रीन रिव्हर गावात टाकी भरा आणि पाणीही भरून घ्या, त्यापुढे सलायनापर्यंत शंभराहून जास्त मैल एकही पंप नाही. तारखा ठरल्या की इथेच लिहा, सप्टेंबर असेल तर फ्रूटाला सफरचंदं मिळतील.